धरणीकंप आणि आपली पेढी

व्यापारी मनुष्य दिवसाकाठी शंभर प्रकारच्या जोखमींचा हिशेब करीत असतो. कापसाचा भाव आज चढला तर उद्या उतरेल काय, उधारीवर दिलेल्या मालाची वसुली वेळेवर होईल काय, पावसाने ओढ दिली तर शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळेल काय, या प्रश्नांची उत्तरे तो झोपेतही शोधीत असतो. दुकानास आग लागू नये म्हणून तो विजेच्या तारा तपासून घेतो, चोरी होऊ नये म्हणून तिजोरी भिंतीत बसवितो, आणि एवढे करूनही काही विपरीत घडलेच तर आधार असावा म्हणून विमा उतरवितो. परंतु ज्या जमिनीवर दुकान उभे आहे ती जमीनच हलली तर काय, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांनी स्वतःस विचारला असेल. जमीन स्थिर आहे हे आपण इतके गृहीत धरले आहे की, घर, दुकान, वखार यांना आपण ‘स्थावर’ मालमत्ता असेच म्हणतो. हे स्थावर प्रसंगी किती जंगम होऊ शकते, आणि ते जंगम झाले असता त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या माणसांचे रक्षण कसे करता येईल, याचा थोडासा विचार सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

किल्लारीची पहाट

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरू शकत नाही. गणेशविसर्जन आटोपून लोक दमूनभागून झोपी गेले होते. तीन वाजून छप्पन मिनिटांनी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे हादरली. धक्क्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगाच्या इतिहासात याहून कितीतरी मोठे भूकंप होऊन गेले आहेत. परंतु मिनिटाभराच्या आत गावेच्या गावे दगडमातीचे ढिगारे होऊन गेली आणि सुमारे आठ हजार माणसे, काही अंदाजांप्रमाणे त्याहूनही अधिक, आपल्याच घराच्या भिंतींखाली गाडली गेली.

तो मुलूख आपणांस परका नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत तो भाग आणि आपला आदिलाबाद जिल्हा एकाच हैद्राबाद राज्याची लेकरे होती. किनवट आणि राजुरा हे तालुके तर त्या वर्षापर्यंत आपल्याच जिल्ह्यात मोडत. तेथली काळी जमीन, तेथली ज्वारी-कापूस-तूर, तेथली धाब्याची घरे, सगळे आपल्या ओळखीचे. आपल्या समाजासही त्या आपत्तीने हाक दिली होती. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली आणि वाघोली येथे त्यांच्या राहण्याची व शिकण्याची व्यवस्था केली, ही गोष्ट बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. संकटानंतर धावून जाणे हा आपल्या समाजाचा जुना धर्म आहे. परंतु संकटाच्या आधी धावणे त्याहूनही श्रेयस्कर, आणि त्या बाबतीत मात्र आपण मागे आहोत हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

किल्लारीची माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यांचा जीव घेतला तो घरांनी. भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या. पाहणाऱ्यास वाटावे की तोफेच्या गोळ्यानेही ढळणार नाहीत. परंतु ही जाडी फसवी होती. आतल्या बाजूस दगडांचा एक थर, बाहेरच्या बाजूस दुसरा, आणि मधल्या पोकळीत दगडांच्या कपऱ्या व माती भरलेली. दोन्ही थरांस सांधणारे आरपार दगड बहुधा नव्हतेच, जोडणी चिखलाची. वर लाकडी तुळयांवर मातीचे धाबे, आणि गळती थांबावी म्हणून दरसाल त्यावर नवी माती घालण्याची चाल. होता होता हे ओझे हात-दीड हात जाडीचे झाले. जमीन हलताच भिंतींचे दोन थर पोथीच्या पानांप्रमाणे एकमेकांपासून सुटले आणि वरचे सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, त्या वेळच्या सरकारी नकाशात हा सगळा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात दाखविलेला होता. दख्खनचे पठार म्हणजे वज्रासारखा कठीण पत्थर, येथे कसला भूकंप, अशीच जाणत्यांचीही समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर हादरले तेव्हा या समजुतीस पहिला तडा गेला होता; किल्लारीने ती पार मोडून काढली. पुढे २००२ साली नवा नकाशा झाला, त्यात तो पहिला विभागच उरला नाही. ‘येथे भूकंप होतच नाही’ असे म्हणण्यास भारतात जागाच राहिली नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

आपल्या पायांखालची जमीन

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले; परंतु भूगर्भास अशा सीमा ठाऊक नसतात, म्हणून आपण जुन्या जिल्ह्याचाच विचार करू. उत्तरेस पैनगंगेच्या काठचा भाग काळ्या पाषाणाचा आणि त्यावरील काळ्या कापसाच्या जमिनीचा. पूर्वेस व दक्षिणेस प्राणहिता-गोदावरीचे खोरे. तेथे जमिनीचा एक लांबच लांब पट्टा फार प्राचीन काळी दोन्ही बाजूंच्या भेगांमधून खाली खचला, त्यात गाळ साचला, आणि त्याच गाळाच्या पोटात आजचा बेल्लमपल्ली-मंचेरियालचा कोळसा तयार झाला. ज्या भेगांनी आपणांस कोळसा दिला त्याच भेगा अधूनमधून सरकतात. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमजवळ ५.७ तीव्रतेचा धक्का बसला. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो हैद्राबादेपासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत जाणवला. त्याच वर्षी २१ मार्चला आणि १० जुलैला पश्चिमेकडे हिंगोली जिल्ह्यात सुमारे ४.५ तीव्रतेचे धक्के बसून नांदेड-परभणीचे लोक घराबाहेर धावले होते. २००२ च्या नकाशात आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग दुसऱ्या विभागात आहे आणि गोदावरीच्या खोऱ्याचा पट्टा तिसऱ्या विभागात.

यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. हिमालयाच्या पायथ्याशी किंवा कच्छमध्ये जेवढा धोका आहे तेवढा येथे नाही. परंतु तीव्रतेचे आकडे वाचताना एक हिशेब ध्यानात ठेवावा. भूकंपाच्या मापात एक अंक वाढला की ऊर्जा दुप्पट वा दसपट होत नाही, ती सुमारे ३२ पट होते. मुलुगूचा धक्का ५.३ चा आणि किल्लारीचा ६.२ चा, अंतर एका अंकाहूनही कमी दिसते, पण किल्लारीत बाहेर पडलेली ऊर्जा मुलुगूच्या सुमारे २२ पट होती. चक्रवाढीचे गणित ज्यांस लहानपणापासून पाठ आहे त्यांस याचा अर्थ अधिक फोडून सांगावयास नको.

काटा थांबतो कसा?

इमारतीस भूकंपापासून वाचविण्याचे नवे शास्त्र काय सांगते ते समजून घेण्यासाठी आपल्या वखारीतला काटाच डोळ्यांपुढे आणावा. तराजूच्या पारड्यात वजन टाकले की पारडे वरखाली झुलत राहते. घाईच्या वेळी हे झुलणे कोणास परवडणार? म्हणून काही मोठ्या काट्यांना तेलाने भरलेली एक लहानशी नळी आणि तिच्यात बुडालेला दट्ट्या जोडलेला असतो. काटा हलू लागला की दट्ट्यास तेलातून वाट काढावी लागते. त्या ओढाताणीत हलण्याची शक्ती खर्ची पडते, तेल अत्यल्प तापते, आणि काटा दोन झोक्यांत स्थिर होतो. हलण्याची शक्ती नाहीशी झाली नाही. तिचे उष्णतेत रूपांतर झाले. जमाखर्चाच्या वहीप्रमाणे सृष्टीच्या वहीतही कोणतीच रक्कम हवेत विरत नाही. ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते एवढेच.

भूकंपाच्या वेळी जमीन इमारतीच्या खात्यावर अशीच अचानक फार मोठी रक्कम जमा करते. ती कोणत्या खात्यात खर्ची टाकावयाची, हाच सारा प्रश्न आहे. साध्या इमारतीस एकच मार्ग ठाऊक असतो: स्वतःच्या भिंती, खांब व तुळया यांना तडे पाडून ती रक्कम फेडणे. भिंत दगडचिखलाची असेल तर ती पहिल्या दोन हप्त्यांतच दिवाळे काढते. चांगल्या प्रकारे सळई बांधलेले सिमेंट-काँक्रीट असेल तर ते वाकते, तडकते, परंतु सहसा कोसळत नाही. माणसांना बाहेर पडण्यास वेळ मिळतो. मात्र इमारतीचे नुकसान व्हावयाचे ते होतेच. म्हणून शास्त्रज्ञांनी दोन निराळे मार्ग शोधले. पहिला मार्ग असा की, ती रक्कम इमारतीच्या खात्यावर जमाच होऊ न देणे. दुसरा असा की, ती फेडण्यासाठी इमारतीत वेगळी साधने नेमून ठेवणे, म्हणजे खांब-तुळयांस स्वतःचे हाड मोडून घ्यावे लागू नये.

पहिल्या मार्गास बेस आयसोलेशन म्हणतात. आपण त्यास पाया-विलगन म्हणू. यात इमारत थेट पायावर न ठेवता पाया व इमारत यांच्यामध्ये जाड बैठकी बसवितात. रबराचे पातळ थर आणि पोलादाच्या पातळ चकत्या आलटून पालटून चिकटवून ही बैठक तयार होते. वरून कितीही भार आला तरी ती फारशी दबत नाही, पण आडव्या दिशेने मात्र लवचीक असते. जमीन झपाट्याने मागेपुढे झाली तरी वरची इमारत त्या वेगाने न हलता संथपणे डोलते. न्यूझीलंडमधील शास्त्रज्ञ बिल रॉबिन्सन यांनी १९७० नंतरच्या दशकात या बैठकीच्या मध्यभागी शिशाचा एक जाड दंडगोल बसविण्याची युक्ती काढली. शिसे हा मऊ धातू. बैठक मागेपुढे होताना तो मळल्यासारखा होतो आणि त्या मळण्यात ऊर्जा खर्ची पडते. नवल असे की, धक्के थांबल्यावर तो साध्या तपमानातच पुन्हा पूर्ववत होतो. रबर इमारतीस जमिनीपासून सोडविते आणि शिसे तिच्या डोलण्यास आवर घालते. वेलिंग्टन शहरातील विल्यम क्लेटन ही इमारत १९८१ साली अशा बैठकींवर उभी राहिली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात महाभयंकर भूकंप होऊन हजारो इमारती कोसळल्या, तेव्हा अशा बैठकींवर उभारलेली तेथील काही रुग्णालये शाबूत राहून जखमींची सेवा करीत होती.

आणि भारतात हा प्रयोग प्रथम कोठे झाला? वाचकांस ऐकून आनंद वाटेल की, तो मुंबईत वा दिल्लीत झाला नाही. तो किल्लारीतच झाला. भूकंपानंतर वसविलेल्या नव्या किल्लारी गावात दोन एकमजली इमारती अशा रबरी बैठकींवर बांधण्यात आल्या. एक शाळा होती, आणि दुसरी दुकानांची इमारत. दोन्हींच्या भिंती साध्या विटांच्या व छप्पर काँक्रीटचे. मुलांची शाळा आणि व्यापाऱ्यांची दुकाने! गावाच्या जीवनाचे मर्म जाणून केलेली ही निवड वाटते. विद्या आणि व्यवहार ही दोन दारे उघडी राहिली तर उद्ध्वस्त गाव पुन्हा उभे राहू शकते. पुढे २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात भुजचे सरकारी रुग्णालय कोसळले; त्या जागी उभारलेल्या नव्या रुग्णालयासही अशाच बैठकी देण्यात आल्या आणि २००४ साली ते लोकांच्या सेवेस सादर झाले.

दुसरा मार्ग डॅम्परचा, म्हणजे शमकांचा. मोटारीच्या चाकाजवळ धक्के शोषून घेणारी जी नळकांडी असतात, त्यांचेच हे थोरले भाऊबंद. इमारतीच्या खांबांमध्ये तिरपे पोलादी दांडे लावून त्यांत ही साधने बसवितात. त्यांचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिल्यात काट्याच्या नळीप्रमाणे दाट द्रवातून दट्ट्या सरकतो. दुसऱ्यात पोलादी पट्ट्या एकमेकींवर घट्ट आवळलेल्या असतात. ठरलेल्या मर्यादेपलीकडे जोर आला की त्या घासत सरकतात आणि घर्षणाने ऊर्जा खर्च होते. जुन्या टांग्याच्या कमानी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चटकन समजेल. कमानीच्या पानांचे एकमेकांवर घासणेच टांग्याची उसळी लवकर शमवीत असे. तिसऱ्या प्रकारात मुद्दाम मऊ ठेवलेले पोलादाचे तुकडे असतात. ते वाकून, पिळवटून स्वतःचा बळी देतात आणि मुख्य सांगाडा वाचवितात. नंतर तेवढेच तुकडे बदलले की काम भागते.

अशी साधने प्रथम उंच इमारतींचे वाऱ्याने हलणे कमी करण्यासाठी वापरली गेली. भूकंपासाठी त्यांचा प्रसार विशेषतः १९९० नंतर झाला. आपल्या देशातही गुरगावातील एका अठरा मजली इमारतीस घर्षणाचे शमक बसविलेले आहेत. तैवानमधील तैपेई येथील १०१ मजल्यांच्या मनोऱ्यात ६६० टन वजनाचा पोलादी गोळा टांगलेला आहे आणि तो पाहावयास प्रवासी गर्दी करतात. परंतु त्याचे मुख्य काम वाऱ्यापासून संरक्षणाचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपणांस याचा उपयोग काय?

कोणी व्यवहारी सभासद येथे विचारील की, तैपेईचा मनोरा आणि वेलिंग्टनची कचेरी आम्हांस काय कामाची? आमचे दुकान दुमजली, वर बिऱ्हाड, मागे वखार. प्रश्न रास्त आहे. प्रामाणिक उत्तर असे की, अशा दुकानास रबरी बैठकी वा शमक यांची गरज बहुधा नाही. ज्या इमारतीने भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी कामास लागले पाहिजे, म्हणजे रुग्णालय, मोठी शाळा, अग्निशामक दल, दळणवळणाची कचेरी, तिच्यासाठी ही साधने योग्य. आपल्या समाजातील दात्यांच्या देणगीतून उद्या एखादे मोठे रुग्णालय उभे राहणार असेल तर विश्वस्तांनी अभियंत्यास हा प्रश्न अवश्य विचारावा. मात्र तसे करताना दोन पथ्ये आहेत. पाया-विलगन कठीण जमिनीवर व मध्यम उंचीच्या इमारतीस मानवते. मऊ, दलदलीच्या जमिनीवर ते उलटूही शकते. शिवाय बैठकींवरील इमारतीस डोलण्यासाठी चहूबाजूंनी मोकळी चर लागते. ती चर भरून टाकली, किंवा, आपली व्यापाऱ्यांची खोड म्हणून सांगतो, ती रिकामी जागा पाहून तेथे माल रचला, तर सारा खर्च पाण्यात जाईल.

परंतु या साधनांमागचे तत्त्व मात्र आपल्या लहानशा दुकानासही तेवढेच लागू आहे. ते तत्त्व असे: ओझे कमी करा, सगळे अवयव एकत्र बांधा, आणि शक्ती खर्ची पडावी अशी जागा आधीच योजून ठेवा. हे तत्त्व मोडल्याने काय होते याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या घरी घेतला आहे. तो सांगण्यासारखा नसला तरी उपयोगी आहे, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमचे कापडाचे दुकान मोठे केले. तळमजल्यावर मधल्या दोन भिंती होत्या, त्यांनी गिऱ्हाइकांची अडचण होई. वर दोन मजले, त्यांत सारे कुटुंब. एका गवंड्याच्या सल्ल्याने दोन्ही भिंती काढल्या, समोरची बाजू पुरती काचेची केली, आणि दिवाळीत लोकांनी दुकानाचे कौतुक केले. भाऊबीजेस भाचा आला. तो बांधकामाचा अभियंता. तो दुकानात शिरला, वर पाहिले, खाली पाहिले आणि हळूच म्हणाला, “मामा, या घराचे गुडघे कोठे गेले?” मी हसलो. तो मात्र हसला नाही. त्याने २००१ सालच्या अहमदाबादेची गोष्ट सांगितली. भूकंपाचे केंद्र तेथून दोनशे किलोमीटरांहून दूर कच्छात होते. तरी शहरातील अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांतील बहुतेकांचे तळमजले मोटारी उभ्या करण्यासाठी मोकळे ठेवलेले होते. वर भिंतींनी भरलेले ताठ मजले आणि खाली नुसते बारीक खांब! जमीन हलली की सगळी शक्ती त्या खांबांच्या माथ्यावर एकवटते आणि वरची इमारत अखंडच खाली बसते. “तुमचे दुकान तर समोरून उघडे, मागून भिंतीचे,” तो म्हणाला. “हलले तर सरळ हलणार नाही, पीळ खाईल.” त्या रात्री वरच्या मजल्यावर नातवंडे झोपली होती आणि मला झोप आली नाही, हे कबूल करण्यास संकोच वाटत नाही.

पुढे रीतसर अभियंत्याकडून तपासणी करविली. तळमजल्याच्या खांबांभोवती नव्या सळया व काँक्रीटचे वेष्टण चढविले, आणि दोन्ही बाजूंच्या खणांत, कपाटांच्या मागे, पोलादाचे तिरपे आडबंद बसविले. दोन महिने धंदा निम्म्या जागेत करावा लागला आणि समोरच्या काचेचा एक भाग गमवावा लागला. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी हैद्राबादेहून मुलीचा दूरध्वनी आला, “बाबा, इथे पंखे हलले, तुम्ही बरे आहात ना?” तेव्हा मी प्रथम त्या आडबंदांकडे पाहिले आणि मग तिला उत्तर दिले. खर्चाच्या वहीत ती रक्कम आजही आहे. परंतु तीइतकी समाधानाची दुसरी नोंद त्या वहीत नाही.

सभासदांनी काय करावे?

जे सभासद नवे बांधकाम करीत आहेत त्यांनी पुढील गोष्टी अभियंत्याकडून लेखी मागून घ्याव्यात. पहिली, इमारतीचा आराखडा भारतीय मानक संस्थेच्या भूकंपविषयक नियमांप्रमाणे केलेला असावा. हे नियम १९६२ सालापासून अस्तित्वात आहेत आणि वेळोवेळी सुधारले गेले आहेत. दुसरी, खांबातील कड्यांची टोके काटकोनात न सोडता आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे, १३५ अंशांत वळविलेली असावीत. एवढीशी गोष्ट; परंतु हलताना काटकोनातली टोके उघडतात, कडी सुटते आणि खांब फुटतो. सळईच्या एकूण खर्चाच्या मानाने ही वाढ नगण्य आहे. तिसरी, दुकानासाठी तळमजला मोकळा हवाच असेल तर त्याचे खांब व भिंती मुद्दाम अधिक बळकट योजाव्यात आणि त्या दोन्ही बाजूंस समतोल असाव्यात. चौथी, आपल्या काळ्या जमिनीत पाया वरवर घालू नये; ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरुम वा पक्की जमीन लागेपर्यंत खाली जावे. जी भिंत जमिनीच्या फुगण्यानेच तडकली आहे, तिच्याकडून भूकंपात काय अपेक्षा करावी?

ज्यांची घरे जुनी, दगडमातीची आहेत, त्यांनी ती पाडलीच पाहिजेत असे नाही. किल्लारीनंतर महाराष्ट्रात अशी घरे मजबूत करण्याच्या साध्या रीती दाखविल्या गेल्या. धाब्यावरील जास्तीची माती उतरवावी. भिंतीस ठराविक अंतरावर आरपार बांध द्यावेत. नव्या दगडी भिंतीत तर उंचीत दर दोन फुटांवर व लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड असलाच पाहिजे. लाकडी खांब व तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोकावेत. आणि दाराखिडक्यांच्या माथ्याशी साऱ्या घरास वेढणारा सळई-काँक्रीटचा पट्टा घालावा. गासडीस जशी पट्टी, तसा घरास हा पट्टा. पट्टीवाचून दाबलेली रुई गासडी राहत नाही, हे आपल्या जिल्ह्यात कोणास सांगावयास हवे?

वखारींविषयी एक शब्द. इमारत उभी राहिली तरी आतला माल माणसास मारू शकतो. गासड्यांची व पोत्यांची थप्पी भिंतीस टेकून छपरापर्यंत चढवू नये. वजनदार माल खाली, हलका वर ठेवावा. लोखंडी मांडण्या भिंतीस व जमिनीस पक्क्या बांधाव्यात. आणि वरच्या माळ्यावर, आराखड्यात नसलेला भार, जागा आहे एवढ्याच कारणाने भरू नये. हमाल, मुनीम, गिऱ्हाईक ही सगळी माणसे आपल्या छपराच्या विश्वासावर आत येतात. पाणी गाळून पिणाऱ्या आणि दिवेलागणीपूर्वी जेवणाऱ्या आपल्या समाजाने सूक्ष्म जिवांची जी काळजी वाहिली, ती आपल्या छपराखाली वावरणाऱ्या माणसांच्या बाबतीत अपुरी पडू नये.

विमा उतरविलेल्या सभासदांनी आपल्या पॉलिसीत भूकंपाचा समावेश आहे की नाही, हे एकदा वाचून पाहावे. परंतु विमा मालाची किंमत देतो. माणूस देत नाही.

शेवटी संघास एक नम्र सूचना. दरवर्षी आपण स्नेहसंमेलन भरवितो, विद्यार्थ्यांस पारितोषिके देतो, नेत्रशिबिरे घेतो. यंदा त्यांच्या जोडीस एक जाणकार अभियंता बोलावून सभासदांच्या इमारतींची ओळीने तपासणी करविण्याचा उपक्रम हाती घ्यावा. आरंभ मोकळ्या तळमजल्यांपासून आणि वर बिऱ्हाडे असलेल्या दुकानांपासून व्हावा. एकट्यास जो खर्च जड वाटतो तो शंभर जणांत वाटला म्हणजे हलका होतो, हे आपल्या पतपेढ्यांनी केव्हाच सिद्ध केले आहे.

भूकंप केव्हा होईल हे आजही कोणी शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. कदाचित आपल्या हयातीत तो येथे होणारही नाही. तसे झाले तर आपण केलेला खर्च वाया गेला असे म्हणणारेही भेटतील. त्यांस एवढेच सांगावे की, कुलूप लावलेल्या दुकानात चोरी झाली नाही म्हणून कुलपाचे पैसे वाया गेले, असे कोणी शहाणा व्यापारी म्हणत नाही. जमीन हलणे आपल्या हाती नाही. तिच्यावर उभ्या असलेल्या घराने माणसांस दगा द्यावा की साथ द्यावी, हे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे.

— एक सभासद, आदिलाबाद